मादप्पांचा पहारेकरी

करडकोप्प इस्टेट, मडिकेरी
९ फेब्रुवारी २००३

चोंदू,

धाकट्या काकाचं, कुंजप्पाचं पत्र आलं म्हणजे घरात कुणीतरी गेलं असणार, असं समजून घाबरू नकोस. सगळे जिवंत आहेत आणि वेळेवर जेवायला मागताहेत. फोनच करणार होतो. पण फोन तुमच्या घरात, तोही बैठकीत, तोही तुझ्या अप्पाच्या खुर्चीला लागून. माझ्यासारख्या तोफखान्यात नोकरी केलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही, आणि मला जे विचारायचंय ते सध्या तुझ्या-माझ्यात राहिलेलं बरं.

दर वर्षी एकेक कूळ भरवतं ती कुळांची हॉकी यंदा आपण भरवायची आहे, हे तुला ठाऊकच आहे. अडीचशेच्या आसपास कुळं येतील, महिनाभर मैदान गजबजेल, डुकराच्या रश्श्याची, पंदीकरीची पातेली चुलीवरून उतरणार नाहीत. ते सगळं होईल. घोडं अडलंय आपल्या बेल्लियंडा कुळाच्या संघापाशी. मैदानात अकरा लागतात आणि नावं आली आहेत त्रेसष्ट. शाळकरी पोरी आहेत, लंडनहून सुट्टी काढून येणारे आहेत, काठी टेकत येऊन नाव लिहून गेलेलेही आहेत. त्यांना दोष तरी कसा द्यायचा? यजमानपण हुकलं की पुन्हा अडीचशे वर्षं थांबायचं.

निवड समितीत मला घातलंय. माणसानं नाव कापलं की जन्माचं वैर होतं. म्हणून मी भर बैठकीत सांगून टाकलं, की नावं कॉम्प्युटर कापेल, त्याला ना काका ना मामा. सगळ्यांना पटलं. पट्टेदार उत्तय्यांनी तर कुळाचे प्रमुख या नात्यानं माझी पाठ थोपटली. आता अडचण एवढीच, की मला कॉम्प्युटर चालू करता येतो आणि बंद करता येतो. मधलं काही येत नाही.

जानेवारीत मडिकेरीतल्या एका बंद पडलेल्या सायबर कॅफेकडून तो डबा घेतला. सोबत करकर करणारा प्रिंटर फुकट मिळाला. इस्टेटीचे हिशेब ठेवायला घेतलाय, असं मी घरात सांगितलंय. तू म्हैसूरला रोज वर्गभर पोरांना हेच शिकवतेस ना? मला फार नको. एका बाजूनं नावांची यादी आत घालायची, नियमात न बसणारी गळून पडायला हवीत, आणि उरलेली दुसऱ्या बाजूनं बाहेर यायला हवीत. तू तयार करून फ्लॉपीवर पाठवून दे, मी बटण दाबीन.

वहिनी, म्हणजे तुझी अव्वा, विचारते आहे, की खानावळीत भात तरी नीट शिजतो का.

तुझा कुंजप्पा,
मादप्पा

---

म्हैसूर
१४ फेब्रुवारी

कुंजप्पा,

पत्र वाचताना मी एकटीच इतकी हसत होते, की वर्गातली पोरं माझ्याकडे बघायला लागली. भात बरा शिजतो. फक्त कडंबुट्टू, आपले तांदळाचे गोळे, मागितले तर इथली बाई अशी बघते, जणू मी तिच्याकडे तोफगोळे मागितलेत.

तयार करून काही पाठवणार नाही. मी मास्तरीण आहे, आणि मास्तरणीच्या काकानं फुकटच्या फ्लॉपीवर संघ निवडला हे माझ्या पोरांना कळलं तर माझी काय पत राहील? तुम्हीच लिहा. चार-पाच ओळींचं काम आहे. खरंच.

आधी फंक्शन म्हणजे काय ते समजून घ्या. फंक्शन म्हणजे फाटकावरचा पहारेकरी. तो एकच काम करतो. त्याला एकदा शिकवून उभा केला, की पुन्हा पुन्हा सांगावं लागत नाही. त्याला नाव द्यायचं, आणि हाक मारताना त्याच्या हातात यादी द्यायची. तो गाळून झालेली यादी परत तुमच्या हातात देतो. चहा मागत नाही.

आता त्याला काय शिकवायचं? तुमच्या भाषेत सांगते. नावांची यादी म्हणजे उभी असलेली रांग. पहारेकऱ्यानं रांगेच्या कडेनं पहिल्यापासून शेवटपर्यंत चालत जायचं. प्रत्येकापाशी थांबून एकच प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर फक्त हो किंवा नाही असेल. उत्तर नियमात बसत नसेल, तर त्या माणसाला रांगेतून काढायचं. पुढच्याकडे सरकायचं. शेवटी उरलेली रांग परत द्यायची. झालं.

वेगळ्या कागदावर हे कॉम्प्युटरच्या बोलीत लिहून दिलंय. प्रश्नाची ओळ मुद्दाम कोरी सोडली आहे, ती तुम्ही भरा. खाली चार नावंही दिली आहेत, सत्तर, पंचवीस, पासष्ट आणि तीस अशा वयांची. आधी त्यांच्यावर चालवून बघा. एकदम त्रेसष्ट माणसं अंगावर घेऊ नका.

आणि हो, नियम काय ते लिहिलंच नाहीत. आणि हे एवढं गुपचूप कशासाठी?

चोंदू

---

करडकोप्प
२५ फेब्रुवारी

चोंदू,

तुझा कॉम्प्युटर आमच्या ड्रिल उस्तादाचा भाऊ दिसतो. एक ठिपका राहिला तरी पूर्ण परेड थांबवतो, आणि काय चुकलं ते सांगायचं सोडून कुठल्या ओळीत चुकलं एवढंच खेकसतो. तीन दिवस मी त्या दोन टिंबांपायी घालवले. ओळीच्या शेवटी ती द्यायची असतात, हे तू लिहिलं होतंस. मला वाटलं तुझ्या पेनाची शाई उडाली आहे.

पण आज सकाळी जमलं. तुझी चारही नावं दिली, सत्तर आणि पासष्ट बाहेर गेले, पंचवीस आणि तीस राहिले. मी खुर्चीतून उठून सलाम ठोकला. तुझी अव्वा खिडकीतून बघत होती. तिनं अण्णाला, म्हणजे तुझ्या अप्पाला, जाऊन सांगितलं, की मादाला ऊन लागलंय.

फंक्शनचं नाव मी पहारेकरीच ठेवलं. नियम साधा आहे: साठीच्या वरचे बाहेर. समितीनं एकमतानं मंजूर केलाय. उन्हाचे दिवस आहेत, पोरं चेंडू जोरात मारतात, कुणाला काही झालं तर यजमानांच्या तोंडाला काळं. नंतर दुसरी चाळणी आमची, ती खेळ बघून.

प्रोग्राम जसा लिहिलाय तसाच्या तसा हातानं उतरवून सोबत पाठवतो आहे. लाल शाईनं तपास आणि मार्क दे. शाळेत कधी पन्नासच्या वर गेलो नाही, तेव्हा हात जरा सैल सोड.

कॉफीला यंदा फुलोरा लवकर येणार असं अण्णा म्हणतो. तो मजेत आहे. वजन थोडं उतरलंय, ते चांगलंच.

कुंजप्पा

---

म्हैसूर
२ मार्च

कुंजप्पा,

दहापैकी नऊ. एक मार्क अक्षराचा कापला.

खरंच छान लिहिलंय. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांना अजून हे जमत नाही, आणि त्यांच्यापैकी कुणी पहारेकऱ्याला सलामही करत नाही. आता त्रेसष्ट नावांची यादी द्या आणि मोकळे व्हा.

पण एक बोलू का? साठच का हो? पंचावन्न नाही, पासष्ट नाही, नेमके साठ. बेल्लियंडांचा गोलरक्षक अठ्ठावन्नचा आहे म्हणून तर नाही ना? समितीत हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, की सगळ्यांनी मिळून डोळे मिटले?

हे गमतीत लिहिलं, पण दुसरं गमतीत लिहीत नाही. अप्पांचं वजन उतरलंय ते कशानं? नोव्हेंबरात ऑपरेशन झालं, तेव्हा त्यांची छाती उघडून शिवलेली मी बघितली आहे. डॉक्टरांनी रोज फिरायला सांगितलंय, तेवढंच. मी दर रविवारी फोन करते. ते म्हणतात, फिरतो. अव्वा फोनवर येते आणि नको तेवढं आनंदी बोलते. ती अशी बोलली की काहीतरी लपवते, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

त्या त्रेसष्टांत अप्पांचं नाव आहे का?

चोंदू

---

करडकोप्प
७ मार्च

चोंदू,

आहे. चौथं.

तुझ्यापासून लपवायचं नव्हतं, पण तू लगेच फोन करशील आणि तो उचलेल, या भीतीनं लिहिलं नाही. आता ऐक. जानेवारीत यजमानपणाची बैठक झाली, त्याच रात्री अण्णानं माळ्यावरून स्टिक काढली. तेव्हापासून रोज पहाटे कॉफी वाळवायच्या खळ्यामागं तो धावतो. राज्याच्या संघातला सेंटर फॉरवर्ड होता ना, पायांना जुनी सवय. डॉक्टरांनी फक्त चालायला सांगितलंय, अशी तुझ्या अव्वानं एकदा आठवण करून दिली. तर म्हणे हॉकी म्हणजे भराभर चालणंच.

त्याला नको म्हणणार कोण? पट्टेदार म्हणतात, मी शहाऐंशीचा, मी सांगितलं तर तो म्हणेल तुम्ही माझ्यावर जळता. अक्कम्मा तायी आणि चंगप्पा त्याच्याहून थोरले, पण त्यांनी स्वतःच नावं दिली आहेत; बाकीचे सगळे त्याच्यापेक्षा लहान. आणि मी. माझं तर तुला माहीत आहे. आमचे अप्पा गेले तेव्हा मी सात वर्षांचा आणि तो विशीतला. त्यानं मला शाळेत घातलं, भरतीला घेऊन गेला, लग्नात बापाच्या जागी उभा राहिला. आजवर त्याच्यासमोर मी खुर्चीत पाय पसरून बसलेलो नाही. त्याला खेळू नकोस सांगायला म्हणून मी तीनदा गेलो. पहिल्यांदा मिऱ्याचा भाव विचारून आलो. दुसऱ्यांदा त्याच्याबरोबर तांदळाची अक्की ओट्टी खाऊन आलो. तिसऱ्यांदा गेलो, तेव्हा त्यानं मला चेंडू अडवायला उभं केलं.

म्हणून हा सगळा उद्योग. मी सांगितलं तर मनाला लागेल. यंत्रानं सांगितलं तर त्यात अपमान कसला? साठचा आकडा माझ्या वयावर बेतलेला नाही. मी अठ्ठावन्नचा आहे हे खरं, आणि त्याचा फायदा मला मिळतो हेही खरं, पण पासष्ट म्हटलं असतं तर तो एकटाच लक्षात आला असता. साठ म्हटलं की सात-आठ जण एकदम जातात आणि गर्दीत कुणाला काही लागत नाही.

तुझ्या पहारेकऱ्यावर माझी सगळी भिस्त आहे. तुझ्या अप्पाला एवढं कळू देऊ नकोस.

कुंजप्पा

---

म्हैसूर
११ मार्च

कुंजप्पा,

पत्र दोनदा वाचलं. मग एसटीडीच्या बूथवर गेले. अप्पांनी फोन उचलला. मी ठरवून गेले होते, की सरळ सांगायचं. तर म्हणाले, चोंदू, यंदा बघ कसे दाबून हरवतो सगळ्यांना. मी विचारलं, फुलोरा आला का. त्यांनी फुलोऱ्याचं सविस्तर सांगितलं. मी फोन ठेवला. आपण दोघं एकाच घरचे आहोत, दुसरं काय.

तेव्हा तुमची युक्ती मला मान्य आहे. भ्याडपणा आहे, पण उपयोगाचा आहे. पहारेकऱ्याला कामाला लावा, यादी छापा आणि लवकर लावा. खळ्यामागची एकेक पहाट मला इथं मोजावी लागते आहे.

आणि तुम्ही तुमच्या वयाबद्दल दिलेला खुलासा मी मान्य केलेला नाही.

चोंदू

---

करडकोप्प
२५ मार्च

चोंदू,

घात झाला.

रविवारी मूळ घरी, ऐनमनेत, सगळं कुळ जमलं. मी त्रेसष्ट नावं वयासकट टाकून आणली होती, आपल्या रीतीप्रमाणे थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. पट्टेदार पहिले, शेवटी नऊ वर्षांची ती बोलकी पोर. सगळ्यांसमोर यादी लावायची म्हणून मी घरी छापून, घडी करून, न वाचता खिशात घातली होती. मीही बघितलेली नाही, हे छाती ठोकून सांगता यावं म्हणून. समितीच्या पोरानं ती मोठ्यानं वाचायला घेतली.

पट्टेदार उत्तय्या बाहेर. बरोबर. त्यानंतरचं नाव अक्कम्मा तायी. एक्क्याऐंशीच्या. आत! मला वाटलं पोरगं चुकून वाचतंय. पुढं चंगप्पा बाहेर. आणि त्याच्यापुढं तुझा अप्पा. बेल्लियंडा करुंबय्या, वय एकाहत्तर. आत.

पुढं काय झालं ते लिहायला हात वळत नाही. अक्कम्मा तायींनी पदर खोचला आणि विचारलं, की गुडघ्यांना बांधायच्या त्या ढाली कुठं मिळतात. चंगप्पा दोघांच्या मध्ये एकटाच कापला गेल्यामुळं माझ्याकडं बघत नाही. लोकांनी आपापले अर्थ काढले. एक म्हणाला, कॉम्प्युटरनं वय बघितलंच नाही, दम बघितला. दुसरा म्हणाला, त्याला दारू पिणारे कळतात. चंगप्पाची बायको म्हणाली, की मग बरोबरच आहे. सात-आठ म्हाताऱ्यांतले निम्मे नाचत घरी गेले आणि निम्मे तोंड पाडून.

आणि अण्णा. तो नुसता हसत होता. परत येताना जीपमध्ये म्हणाला, मादा, माणसं माझ्याकडं आजारी म्हणून बघतात, तुझ्या यंत्रानं मात्र ओळखलं. काल मडिकेरीला जाऊन नवे बूट घेऊन आला. आता दोन्ही वेळ धावतो.

मी पहारेकरी दहा वेळा वाचला. प्रश्न बरोबर आहे. वयं बरोबर आहेत. तुझ्या चार नावांवर अजूनही तो ठीक चालतो. काय झालं ते सांग, आणि पत्र जलद डाकेनं पाठव.

कुंजप्पा

---

म्हैसूर
२८ मार्च

कुंजप्पा,

चूक तुमची नाही. माझी आहे. कागदावर रांग काढून बघितली तेव्हा लख्ख दिसली आणि कपाळावर हात मारून घेतला.

तुमच्याच परेडवर या. जवान रांगेत उभे आहेत. पहारेकरी पहिल्या जागेपाशी थांबतो, प्रश्न विचारतो, पट्टेदारांना बाहेर काढतो. रांगेत फट पडली की तुमचे जवान काय करतात? सरकून फट भरतात. म्हणजे दुसऱ्या जागेवरच्या अक्कम्मा तायी सरकून पहिल्या जागेवर आल्या. पण पहारेकरी तर पहिली जागा तपासून मोकळा झालाय. तो एक पाऊल टाकून दुसऱ्या जागेपाशी जातो. तिथं आता चंगप्पा सरकून आलेले. त्यांना काढतो. पुन्हा रांग सरकते, अप्पा चंगप्पांच्या जागी येतात, आणि पहारेकरी पुन्हा पुढं निघून जातो. अक्कम्मा तायींना आणि अप्पांना त्यानं आत घेतलं नाही, कुंजप्पा. त्यांना त्यानं विचारलंच नाही. त्यांच्यासमोरून तो न बघता निघून गेला.

एक काढला की त्याच्या मागचा सुटतो. माझ्या चार नावांत म्हातारे एकाआड एक होते, म्हणून सुटणारा दर वेळी तरणाच होता आणि चूक झाकली गेली. आपल्या रीतीनं थोरले सगळे सलग पुढं उभे केलेत आणि ती उघडी पडली. रांगेतून काढा, हे वाक्य माझं. वर्गातही मी हेच वाक्य वापरते, सोपं पडतं म्हणून. आता पोरांना काय तोंड दाखवू?

इलाज सोपा आहे. चालू असलेल्या रांगेला हात लावायचा नाही. शेजारी एक नवी, रिकामी रांग करायची. पहारेकऱ्यानं जुन्या रांगेच्या कडेनं चालायचं, आणि जो नियमात बसतो त्याचं नाव नव्या रांगेत लिहायचं. कुणाला काढायचं नाही, फक्त निवडायचं. शेवटी नवी रांग परत द्यायची. बदललेल्या दोन ओळी सोबतच्या कागदावर आहेत. दोन टिंबं विसरू नका.

नवी यादी आजच्या आज काढा आणि अप्पांना दाखवा. मला ठाऊक आहे ते काय म्हणतील. पण बूट घेतलेत, कुंजप्पा. आता थांबून चालणार नाही.

चोंदू

---

करडकोप्प
५ एप्रिल

चोंदू,

नवी यादी पहिल्या फटक्यात बरोबर आली. साठीच्या वरचे सगळे बाहेर, एकही सुटला नाही. ती घेऊन संध्याकाळी अण्णाकडं गेलो. तो ओट्यावर बसून नव्या बुटांना तेल लावत होता. मी त्याला रांगेचं सगळं समजावून सांगितलं, फट कशी पडते, जवान कसे सरकतात. ओट्यावर काजूच्या बिया मांडून दाखवलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि एक बी तोंडात टाकली.

मग त्यानं विचारलं, पहिली यादी चूक आणि ही बरोबर, हे कोण म्हणतं? मी म्हणालो, कॉम्प्युटर. तो म्हणाला, पहिल्या वेळीही तोच म्हणाला होता. मग विचारतो कसा, नियम कुणाचा? म्हटलं, समितीचा. समितीत साठ हा आकडा कुणी काढला? म्हटलं, मी.

"कुणासाठी काढलास, मादा?"

चोंदू, लढाईत दोनदा माझ्या शेजारी गोळे पडलेत. तेव्हा असं झालं नव्हतं. कागदाची घडी घालत होतो आणि पुन्हा उलगडत होतो. मिऱ्याचा भाव विचारावासा वाटत होता. पण त्यानं तेलाचं फडकं खाली ठेवलं आणि वाट बघत बसला. सात वर्षांचा असताना मी काही फोडलं की असाच बसायचा. मारायचा नाही, नुसता वाट बघायचा.

मी म्हणालो, "तुझ्यासाठी. अण्णा, तू खेळू नकोस. मला फार भीती वाटते."

त्यानं बूट उचलून ओट्याच्या कडेला जोडीनं नीट ठेवले. मी काय काय मनात आणलं ते लिहीत नाही. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "एवढं म्हणायला कॉम्प्युटर विकत घेतलास?"

मी हसलो आणि रडलो, दोन्ही. घरातून तुझ्या अव्वाचा नाक ओढल्याचा आवाज आला, म्हणजे ती दाराआडून सगळं ऐकत होती. अण्णा म्हणाला, की ऑपरेशन झाल्यापासून घरात सगळे त्याच्याशी काचेच्या भांड्याशी बोलल्यासारखे बोलतात, आणि खरं कुणी बोलत नाही. म्हणून त्यानं ठरवलं होतं, की जोवर कुणी तोंडावर नको म्हणत नाही तोवर धावायचं. शेवटी शेवटी दम लागायचा त्याला. तेही त्यानं सांगितलं.

खेळणार नाही, असं त्यानं कबूल केलं. पण अट घातली. बूट घालून, स्टिक घेऊन तो गोलाच्या मागं खुर्ची टाकून बसणार. "गोलात तू उभा राहा," म्हणाला. "एक जरी गोल खाल्लास, तर नियम गेला खड्ड्यात, मी आत येतो." अण्णा बोललेलं मागं घेत नाही, हे तुला माहीत आहे. समितीला मी अजून हे सांगितलेलं नाही.

अक्कम्मा तायींना नवी यादी सांगायला कुणीच तयार नाही. बहुतेक मलाच जावं लागेल. आता मला सवय झाली आहे.

कुंजप्पा

---

म्हैसूर
१० एप्रिल

कुंजप्पा,

तुमचं पत्र घेऊनच बूथवर गेले. अप्पांनी फोन उचलला, मी फुलोरा-बिलोरा काही न विचारता सांगून टाकलं: अप्पा, तुम्ही धावायचं नाही, मला तुम्ही हवे आहात. मग म्हणाले, तुझ्या काकाचा नंबर आधी लागला, तू रांगेत त्याच्या मागं उभी राहा. आणि मग म्हणाले, बरं केलंस. फोन ठेवायलाच तयार नव्हते, माझे बरेच पैसे गेले.

वर्गात काल मी ती चूक फळ्यावर लिहिली. पोरांना विचारलं, काय होईल? मागच्या बाकावरच्या एकीनं बरोबर सांगितलं. मी तिला तुमच्या परेडची गोष्ट सांगितली. सगळा वर्ग आता रांगेतून काढा म्हटलं की अक्कम्मा तायी, अक्कम्मा तायी असं ओरडतो.

पहिला सामना एकवीस तारखेला, सोमवारी आहे. माझ्या पोरांची परीक्षा त्याच दिवशी, मला येता येणार नाही. त्यानंतरच्या शनिवारी सुटीवर येते. तोवर तुम्ही एकही गोल खायचा नाही. ही विनंती नाही.

चोंदू

---

करडकोप्प
२२ एप्रिल

चोंदू,

जिंकलो. एक शून्य. आपल्या त्या कॉलेजातल्या लांब वेणीवालीनं गोल केला. आपल्या रीतीप्रमाणे बंदुकीचे बार झाले, लोकांनी तिला खांद्यावर घेतलं. पण मला जिंकल्याचं अर्ध्या तासानं कळलं, कारण मी सामना बघितलाच नाही. मी फक्त चेंडू बघत होतो.

समोरचं कुळ सगळं विशीतलं, पाय की चाकं कळू नये. सारखे येत होते. चेंडू आपल्या वर्तुळात शिरला की माझ्या मागं खुर्ची करकरायची. अण्णा उठलाय, हे मला मागं न बघता कळायचं. मी अंगावर घेतला, पायानं अडवला, एकदा तर तोंडानं अडवला, ओठ अजून सुजलाय. रेजिमेंटकडून खेळलो तेव्हा माझ्यात इतकं बळ कधी नव्हतं. शेवटच्या मिनिटाला पेनल्टी कॉर्नर मिळाला त्यांना. मागून स्टिक जमिनीवर आपटल्याचा आवाज आला. मी आडवा पडलो, चेंडू कुठं लागला कुणास ठाऊक, पण बाहेर गेला. शिट्टी झाली. मी तसाच मातीत पडून राहिलो आणि आधी मागं बघितलं. खुर्ची, अण्णा, सगळं जागच्या जागी.

पोरं नाचत होती. प्रमुख पाहुणे माझा हात हातात घेऊन म्हणाले, की या वयात असा खेळ त्यांनी बघितलेला नाही. अक्कम्मा तायींनी माझ्या गालाला हात लावून बोटं मोडली. त्यांनी मला माफ केलंय असं दिसतं. मी गर्दीतून वाट काढत अण्णाकडं गेलो. तो खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडत होता, बुटांना मातीचा कण लागलेला नव्हता. मला वाटलं आता मिठी मारेल. म्हणून मी दोन्ही हात पसरून उभा राहिलो.

त्यानं वर बघितलं. डोळे भरलेले होते.

"एक तरी सोडायचास," म्हणाला.

तुझा कुंजप्पा